कंगवा

गुजरीच्या तोंडाशी, सराफांच्या पाट्या संपतात तिथं
चार बाय सहाचं माझं दुकान.
अब्बा इथंच घड्याळं उघडायचे, डोळ्याला भिंग लावून.
भिंग तेच आहे. पाटी बदलली.
मुजावर मोबाईल.

उचगावचा धैर्यशील खोत आला पहिल्यांदा
तेव्हा फोन पाच वर्षं जुना,
कडा झिजलेल्या, पाठीवर एकच डोळा.
म्हणाला, 'चाचा, आतलं ऱ्हाऊ दे हाय तसं.
पाठ तेवढी यंदाची बसव.'

मिळते अशी पाठ, दीड-दोन हजारात.
तीन भिंगं, बंदुकीच्या नळीसारखा रंग, मधोमध सफरचंद.
तिन्हींतलं एकच बघतं.
बाकीची दोन नुसती काच, खाली काळा कागद.
हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, लपवत नाही.
तो हसला. 'मला काय बघायचंय त्यातनं?
दिसायचंय.'

मग एकदा मिसळीच्या टेबलावर दिसले.
चार दोस्त, चार फोन, सगळे पालथे, पाठी वर.
पालथ्या घड्यावर पाणी ठरत नाही म्हणतात,
नजर ठरते.
कट वाढणारं पोरगंसुद्धा आधी टेबलाकडं बघून
मग वाटी जरा लांब ठेवत होतं.

महिन्यानं परत आला.
दुसऱ्या भिंगावर चरा.
'आंधळ्या डोळ्याला मोतीबिंदू झाला की रे,' म्हटलं.
नाही आवडलं त्याला.
शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी, नखांत काळी वाळू,
आणि फोन आणलेला
भाचीच्या धुतलेल्या टोपड्यात गुंडाळून.

भिंग बदललं. सवयीनं एक फोन लावून बघितला.
मी इकडं 'हॅलो, हॅलो', तो दोन हातांवर,
फोन कानाला लावून नुसता उभा.
कानाचा स्पीकर गेलेला. जाळीत बारीक वाळू.
'कधीपासनं?'
तो विचारात पडला. खरंच पडला.
'दिवाळीपासनं असंल. ध्यानातच आलं न्हाई.'
'काढून देतो, पाच मिनटं. पैसे नकोत.'
'ऱ्हाऊ दे चाचा, शिफ्ट चुकंल.
भिंग चकाकतंय न्हवं? बास.'
आणि काळ्या काचेत भांग बघून
उतरला पायरी.

अब्बा सांगायचे एका इनामदाराचं.
सोन्याचं घड्याळ, वीस वर्षं बंद,
दर शनिवारी पुसायला आणायचा.
चावी द्यायची नाही, उघडायचं नाही, फक्त पुसायचं.
किती वाजले ते बाहेर टांगेवाल्याला विचारायचा.

हसायला बरं आहे हे सगळं.
पण दुरुस्ती झाली की पुढचा कॅमेरा तपासावा लागतो,
त्याला चेहरा लागतो,
आणि दुकानात दुसरा चेहरा नाही.
काढतो, बघतो, पुसून टाकतो.
पुसलेला फोटो तीस दिवस आतच राहतो, हे मला माहीत आहे.
म्हणजे शाहूपुरीत, कसबा बावड्यात,
कागलच्या एसटीत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी खिशात
मी आहे,
कपाळावर भिंग सरकवलेला, जरा तिरका.

परवा एक पुसला नाही.
बरा आला होता.

आता ड्रॉवरमध्ये
चिमटा आणि बारक्या पेचकसांच्या मधे
एक कंगवा असतो.
गिऱ्हाईक विचारतं, झाला का?
झालाय. तपासतोय, म्हणतो.
दोन मिनटं थांबा.